इतर हक्क

गेले तीन वीकएंड इथे काही लिहिलं नाही, कारण मी पुण्यात नव्हतो. आधी मुखेड, मग नांदेड, मग पुन्हा मुखेड. गावाकडचं शेत विकायला काढलं होतं. तीन फेऱ्या झाल्या, शेत विकलं गेलेलं नाही, आणि ते एका नावामुळे. डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढतो. पोस्ट मोठी होणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचं गाव मुखेड तालुक्यात, मुक्रमाबादच्या बाजूला. नाव मुद्दाम लिहीत नाही. बालाघाटाच्या उतारावरचा भाग आहे. खाली लेंडीकडे काळी जमीन, वर चढत गेलं की नुसता मुरूम आणि बरड. माझ्या लहानपणी पिवळी ज्वारी, तूर, अंबाडी असायची, आता पाहावं तिकडे सोयाबीन. (लेंडी धरणात कोणाचं किती गेलं आणि मोबदल्यासाठी लोकांनी किती चपला झिजवल्या, ही वेगळी पोस्ट होईल. आज नको.)

विकायचा तुकडा काळ्यातला, रस्त्याला लागून, ११ एकर २० गुंठे. आबा, म्हणजे माझे आजोबा, गेल्यापासून तो अण्णांच्या (माझे वडील) आणि काकांच्या सामायिक नावावर आहे. अण्णा सत्तरीच्या पुढे, काकांचे गुडघे गेलेले, चुलतभाऊ लातूरला, मी इथे. कसायला कोणी नाही. म्हणजे आमच्यातलं कोणी नाही. कसतात मामा.

हे मामा आमचे सख्खे मामा नव्हेत, आमचे बटईदार. बी-खत निम्मं निम्मं, राबणं त्यांचं, आणि रास झाली की निम्मी आमची. मला कळतं तेव्हापासून असंच आहे. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते. मामा आता साठीचे असतील. मला 'भैय्या' म्हणतात आणि वयानं इतके मोठे असून 'तुम्ही' म्हणतात, ते मला नेहमीच अवघड वाटत आलंय. उदगीरच्या एका व्यापाऱ्यानं बऱ्यापैकी भाव दिला, ईसार पावती झाली. मामांना विचारलं होतं का? सांगितलं होतं. विचारलं नव्हतं.

तर झालं असं, की व्यापाऱ्याच्या वकिलानं सगळे कागद चाळले आणि फोन केला. "साहेब, सातबाऱ्यावर इतर हक्कात एक नाव आहे. सं. कूळ म्हणून. ते कमी करून आणा, मग खरेदीखत करू."

ज्यांनी सातबारा कधी नीट पाहिला नाही (म्हणजे माझ्या टीममधले सगळे), त्यांच्यासाठी थोडं. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एका कागदावर. बारामध्ये पीकपाणी. सातमध्ये मालक कोण, त्याच्या नावासमोर फेरफाराचा नंबर, आणि एका बाजूला कुळाचं नाव आणि 'इतर हक्क'. बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, जाण्यायेण्याची वाट, जुनी कुळं, असं सगळं तिथे जमतं. सातबारा ही आजची स्थिती, आणि ती कशी आली हे फेरफार सांगतात. आमच्या भाषेत सातबारा म्हणजे टेबल आणि फेरफार म्हणजे लॉग. चांगल्या सिस्टीममध्ये लॉगमधून टेबल पुन्हा उभं करता यायला हवं. इथे टेबलमध्ये एक नाव लोंबकळत होतं आणि ते काढल्याचा फेरफार कुठेच नव्हता. ऑर्फन रेकॉर्ड! मला वाटलं हाताने लिहिलेला सातबारा संगणकावर चढवताना कुणीतरी जुनं काहीतरी तसंच उचललं असेल. एक अर्ज, एक फेरफार, काम खतम.

मग मी ते नाव नीट वाचलं. आडनाव मामांचं होतं. नाव त्यांच्या आज्याचं.

अण्णांना विचारलं, तर म्हणाले, "असेल जुनं काहीतरी. त्यांनी राजीनामा दिलेला आहे. आबांच्या पेटीत बघ, नाहीतर रेकॉर्डला अर्ज कर." एवढं बोलून टीव्हीचा आवाज वाढवला.

पेटीत काही सापडलं नाही. म्हणून अर्ज केला, नकला मागवल्या. त्या येईपर्यंत मी वाचायला घेतलं, कारण 'संरक्षित कूळ' म्हणजे नक्की काय, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरात वाढून मला माहीत नव्हतं. शाळेत आम्हाला कूळकायदा शिकवला तो मुंबई राज्याचा. 'कसेल त्याची जमीन' आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. पण तो कायदा झाला तेव्हा मुखेड मुंबई राज्यात कुठे होतं? आपलं राज्य हैदराबाद, आपला कायदा वेगळा.

निजामाच्या काळात जमिनीचे कितीतरी प्रकार. काही दिवाणी, काही जहागिरी, काही निजामाची स्वतःची सर्फ-ए-खास. त्याखाली पट्टेदार, पट्टेदाराखाली शिकमीदार, म्हणजे कूळ. कसणाऱ्याला थोडं संरक्षण देणारा 'असामी शिकमी' कायदा १३५४ फसलीत, म्हणजे १९४५ च्या सुमाराला आला होता, पण कागदावरच. मग सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि १९४९ मध्ये जहागिरी गेल्या. शेजारी तेलंगणात शेतकरी बंदुका घेऊन उठलेले होते, जमीनदारांच्या जमिनी ताब्यात घेत होते, आणि आमच्या भागापासून ती हद्द काही लांब नाही. सरकारला काहीतरी करणं भाग होतं. १० जून १९५० ला हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू झाला. तेव्हा महसूल खातं बूर्गुल रामकृष्ण राव यांच्याकडे होतं, पुढे ते मुख्यमंत्री झाले. विनोबांना पोचमपल्लीत पहिली १०० एकर मिळाली ती त्यानंतर, एप्रिल १९५१ मध्ये. भूदान सगळ्यांना माहीत असतं, हा कायदा फारसा कुणाला माहीत नसतो.

कायद्यात असं होतं: ज्यानं ठरावीक मुदतीत सलग सहा वर्षं जमीन कसली तो संरक्षित कूळ. त्याला मनाला येईल तेव्हा हुसकता येणार नाही, खंडावर मर्यादा, जमीन विकायची झाली तर पहिला हक्क त्याचा. १९५१ पर्यंत अशा कुळांच्या याद्या झाल्या. १९५४ मध्ये मोठी दुरुस्ती होऊन त्यात ३८-ई हे कलम आलं. मोठ्या मालकाकडे स्वतःपुरती ठरावीक जमीन ठेवून बाकीची सरकार एका जाहीरनाम्यानं संरक्षित कुळांच्या नावावर करू शकेल. कुळानं अर्ज करायचा नाही, मालकाची संमती नको, किंमत नंतर ठरेल. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १९५७ मध्ये आपल्याकडे हे कलम लागू झालं. मराठवाड्यात आजही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी 'अडतीस ई' असतं, ते हेच. तशा जमिनी विकायला बरीच वर्षं वरची परवानगी लागायची. अलीकडच्या दुरुस्तीनंतर मालकी मिळून दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरून मोकळं होता येतं. सारा एकरी काही रुपये, त्यामुळे चाळीस पट म्हणजे काही फार नाही.

पण १९५१ च्या यादीत नाव येणं आणि १९५७ पर्यंत ते टिकणं, यात सहा वर्षं होती. आणि कायदा येतोय हे मालकांना कुळांच्या आधी कळत होतं. वर्तमानपत्र वाड्यावर यायचं, झोपडीत नाही.

उस्मानिया विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुस्रो यांनी हैदराबादच्या जहागिरी भागांची पाहणी केली, ती १९५८ मध्ये छापून आली. १९५१ मध्ये ज्यांना संरक्षित कूळ म्हणून नोंदवलं, त्यांच्यातल्या दर शंभरांपैकी तीन-चार वर्षांत साधारण ४५ जणच कूळ म्हणून उरले होते. बाराएक मालक झाले होते. कायद्यानं निघाले ते दोन-तीन. बेकायदा हुसकलेले बावीसच्या आसपास. आणि सतराएक जणांनी जमीन 'स्वखुशीनं' सोडली होती.

स्वखुशीनं! घरातली एकुलती एक जमीन, जी दोन वर्षांत आपल्या नावावर होणार आहे, ती माणूस खुशीनं का सोडेल, हे मला आकडे वाचून कळलं नव्हतं. नकला आल्यावर कळलं.

तीन कागद आले. १९५१ ची कुळांची यादी उर्दूत होती. मुखेडात एक निवृत्त गुरुजी आहेत, उर्दू आणि मोडी दोन्ही वाचतात. त्यांनी चष्मा पुसत पुसत सर्व्हे नंबर वाचला, मामांच्या आज्याचं नाव वाचलं आणि शेरा वाचला. दुसरा कागद १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक. जुन्या हैदराबाद राज्यात जमिनीचं काहीही सिद्ध करायचं तर शेवटी सगळे याच कागदापाशी येतात, कारण कोण मालक आणि प्रत्यक्ष कोण कसतो हे शेतानिहाय यात लिहिलंय. मालक म्हणून आबा. कसणारा म्हणून तेच नाव. तिसरा कागद १९५५ चा, पाडव्याच्या थोडं आधीचा. राजीनामा.

कायद्यानं राजीनामा लेखी हवा आणि कुळानं तो तहसीलदारापुढे कबूल करायला हवा, अशी अट होती. म्हणजे कागद अगदी नियमाप्रमाणे केलेला आहे. कूळ जातीनं हजर, मजकूर वाचून दाखवला, दबाव नाही, घरची माणसं कमी पडतात म्हणून जमीन सोडतो. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. बाजूला दोन साक्षीदार, दोघंही आमच्याच भावकीतले. आणि आबांची सही, तीच वळणदार सही, जी माझ्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकावर आहे.

१९५५. दोन वर्षं थांबला असता, तर.

हा राजीनामा मंजूर होऊनही त्याचा फेरफार बहुधा कुणी घेतलाच नाही, म्हणून नाव तसंच राहिलं. वकील खूश. म्हणाले, "उत्तम! आता हा कागद जोडून अर्ज टाका, महिन्याभरात नाव उडतं." म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी आबांकडून राहिलेलं शेवटचं काम माझ्या हातून पूर्ण होणार होतं.

आता आबांविषयी. आबा म्हणजे गावात देवमाणूस. १९४८ च्या आधी रझाकारांच्या दिवसात घर सोडून काही दिवस उमरखेडच्या कॅम्पात होते. शाळेला जागा त्यांनी दिली. मला खांद्यावर घेऊन पोळ्याला फिरवायचे. निजामाच्या जुलमाच्या गोष्टी मी त्यांच्याकडूनच ऐकल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. त्याच माणसानं स्वातंत्र्य मिळून सात वर्षं झाल्यावर हा कागद करून घेतला. मला दोन्ही आबा एकाच माणसात बसवता येईनात. अजूनही नीट येत नाहीत.

अण्णा म्हणाले, "त्या काळी सगळ्यांनीच घेतले." हे खरंच आहे, खुस्रोंचा आकडा तेच सांगतो. काका जास्त तडक बोलले. "आबांनी त्यांना उघड्यावर टाकलं का? सत्तर वर्षं जमीन त्यांच्याच हातात आहे ना? दुसऱ्यांनी कुळं गावाबाहेर काढली, आपण पोटाला लावलं." यातही खोटं काही नाही. फक्त मी हिशोब केला. सत्तर वर्षं निम्मी रास, म्हणजे पस्तीस वर्षांचं पूर्ण पीक, त्या घरातून आमच्या घरात आलं. माझं इंजिनिअरिंग लातूरला झालं, फी आणि मेसचे पैसे कुठून आले असतील? तुरीच्या पट्टीतून. कोणाच्या तुरीच्या, ते आता मला विचारू नका.

सिलिंगचं थोडं सांगायला हवं, कारण गावात 'सरकारनं जमिनी वाटल्या' म्हटलं की लोकांना तेच आठवतं. महाराष्ट्राचा कमाल जमीनधारणा कायदा १९६१ चा, अंमल २६ जानेवारी १९६२ पासून. खरा चिमटा बसला तो २ ऑक्टोबर १९७५ पासून, जेव्हा मर्यादा खाली आली: बारमाही पाण्याची १८ एकर, जिरायत ५४ एकर. आमच्याकडे एके काळी पावणेदोनशे एकर होती. वाटण्या होऊन होऊन शेवटी २२ एकर वरकड निघाली. पण कुठली ठेवायची आणि कुठली सोडायची हे मालकानं निवडायचं. आबांनी काळी ठेवली आणि वरचा मुरूम सोडला. सात भूमिहीन घरांना तो तीन-तीन एकर मिळाला. वर्ग दोनचा शिक्का, विकायचं तर परवानगी. त्यातल्या दोन घरांनी दगड वेचून वेचून खरंच शेत केलं, आज तिथे हरभरा चांगला येतो. बाकीचे हैदराबादला, भिवंडीला. मामांच्या घराला त्यातलं काही मिळालं नाही. का? गावाच्या नजरेत ते भूमिहीन नव्हतेच, ते तर आमची काळी कसत होते!

आणि ज्यांचं नाव कुळाच्या यादीतही नव्हतं, त्यांचं काय? महारवाडा, मांगवाडा. सालगडी म्हणून पिढ्यानपिढ्या राबले, पण सालगडी म्हणजे कूळ नव्हे, त्यामुळे ना राजीनामा ना अडतीस ई. त्यांना गायरानासाठी भांडावं लागलं. मराठवाड्यातला भूमिहीनांचा सत्याग्रह १९५३ चा आहे, आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालचा देशभरातला मोठा १९६४-६५ चा. आमच्या शाळेतल्या पुस्तकात दोन्ही नव्हते. पाठ्यपुस्तक मंडळाला भूदान जास्त सोयीचं असावं.

थोडं विषयांतर. या सगळ्या धावपळीत एकदा मुखेडच्या बसस्टँडवरून ऑफिसचा कॉल घेतला. मागे कंडक्टर ओरडतोय, "देगलूर, देगलूर". आमच्या टीममध्ये एक आयरिश सहकारी आहे, मीथ परगण्यातला. कुठे आहेस, काय चाललंय, असं त्यानं विचारलं, मी सांगितलं, आणि तो माणूस एकदम सुटला. त्यांच्याकडेही हाच धंदा झालेला! १८८१ मध्ये तिथे लँड कमिशन नेमलं. सुरुवातीला खंड ठरवायला, मग जमीनदारांकडून इस्टेटी विकत घेऊन कुळांना द्यायला. पैसे सरकारचे, कुळानं वर्षानुवर्षं हप्ते फेडायचे. १९०३ च्या कायद्यानंतर तर ब्रिटिश सरकारनं जमीनदारांना घसघशीत किंमत मोजून मोठमोठ्या इस्टेटी विकायला लावल्या. देश स्वतंत्र झाल्यावर १९२३ पासून कमिशन जबरदस्तीनंही जमीन घेऊ लागलं आणि वाटू लागलं. मीथमधल्या रा कार्न नावाच्या गावी १९३५ मध्ये पश्चिमेच्या खडकाळ कॉनेमारातून २७ कुटुंबं आणून बसवली. प्रत्येकाला घर, २२ एकर आणि थोडी जनावरं. आयरिश बोलणारी माणसं, चारी बाजूंनी इंग्रजी बोलणारे मीथकर, आणि त्यांना वाटणार की आमच्या वाटची जमीन ह्या परक्यांना दिली. कमिशन गुंडाळण्याचा कायदा १९९२ चा, प्रत्यक्षात ते मिटलं १९९९ मध्ये. तो म्हणाला, अजूनही पबमध्ये कुठलं शेत कोणाला कसं मिळालं यावर आवाज चढतात. मी म्हटलं, आमच्याकडे पब नाही, पारावर चढतात.

पण त्याच्या गोष्टीत एक गोष्ट मला टोचली. तिथे सरकार पैसे घेऊन स्वतः मधे उभं राहिलं. आमच्याकडे १९५१ ते ५७ मध्ये सरकारनं यादी केली आणि मग मालक आणि कूळ यांना वाड्याच्या ओसरीवर एकटं सोडलं.

असो. तिसरी फेरी येळवशीला पडली. मार्गशीर्ष अमावस्या, वेळ अमावस्या म्हणा हवं तर. लातूर-नांदेडकडचा नसाल तर सांगतो, त्या दिवशी अख्खं गाव शेतात असतं. कडब्याची कोप करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडतात, पूजा होते, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या. वाटेनं जाणाऱ्याला हाताला धरून जेवायला बसवतात. आमच्या त्या ११ एकर २० गुंठ्यांत कोप दरवर्षी मामाच करतात. आम्ही पाहुण्यासारखे जातो. मालक पाहुणे आणि बटईदार यजमान, हे मला तोवर कधी विचित्र वाटलं नव्हतं.

जेवण झाल्यावर मामा आंबिलीचा तांब्या घेऊन बांधावर बसले. मी खिशातून झेरॉक्स काढल्या आणि सरळ सांगितलं. असं असं आहे, तुमच्या आज्याचं नाव अजून आहे, आणि ते काढायला हा कागद लागतो. मला वाटत होतं त्यांना धक्का बसेल.

"हे काय नवीन हाय का भैय्या?" मामा म्हणाले. "आमच्या घरात समद्यायला ठाऊक हाय की."

त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं, आज्यानं त्यांच्या वडिलांना. आबांनी दिवेलागणीला वाड्यावर बोलावलं. म्हणाले, कायदा व्हायलाय, सरकार जमीन ताब्यात घेणार, मग ना तुला ना मला. तू नाव काढ, मी तुझं आऊत बंद पडू देणार नाही. दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं तहसीलला नेलं, अंगठा घेतला, येताना दोन पोती ज्वारी गाडीत घातली.

"आज्याला कळलं नव्हतं का?"

"कळलं होतं की. कळून काय करता? पेरणी दोन महिन्यावर. बैल तुमचे, बी तुमचं, अडीनडीला पैसा तुमचा. नाही म्हणून जायचं कुठं?" मग जरा हसले. "आबानी सबूत दिला होता, तुझ्या नातवापर्यंत आऊत तुझंच चालंल म्हणून. खोटं नाही बोलले. नातू म्हणजे मीच की. माझ्यापर्यंत चाललं बगा."

मी काय बोलणार होतो? समोर करडई उभी होती. त्यांची सून भांडी आवरत होती, धाकटा नातू पांडवांपुढचं खोबरं पळवत होता.

मी म्हटलं, मामा, आमच्या वाट्याचं मी अण्णांशी बोलतो. काही एकर तुमच्या नावावर करून द्यायचा विचार आहे. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "फुकट नको." का, विचारलं. "फुकटचं घेतलं की उद्या तुमची पोरं म्हणतील, आमच्या बापानं दिलतं. खरेदीखत करा. भाव झेपंल असा लावा, हप्त्यानं देतो. पण खरेदीखत."

घरी आलो, अण्णांना सांगितलं. ते तीन दिवस माझ्याशी सोयाबीनचा भाव आणि औषधाच्या गोळ्या एवढंच बोलले. चौथ्या दिवशी, मी निघायला बॅग भरत असताना, दारात येऊन म्हणाले, "माझ्या हिश्शातलं काय करायचं ते तू ठरव. सही मी करीन. पण त्याच्याशी बोलणं होईल तेव्हा मला समोर बसवू नको."

अण्णांचा हिस्सा म्हणजे ५ एकर ३० गुंठे. काकांनी त्यांचा विकायचाच ठरवलाय, आणि तो त्यांचा हक्क आहे. चुलतभावाचा फोन आला होता, "दादा, हे तुम्ही पुण्यात बसून फार सोपं आहे". चिडून बोलला, पण चूक बोलला असंही नाही. माझा महिन्याचा पगार येतो. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्या पैशातून व्हायचं होतं. त्यातला काही खर्च मी देऊ केला, तर काकांनी फोन ठेवून दिला. तेव्हापासून उचललेला नाही. काकूचे मेसेज येतात, गुड मॉर्निंगचे.

व्यापाऱ्याचा ईसार परत केला, वर थोडे पैसे गेले. आता आधी वाटणी, मग मोजणी, मग कुठल्या बाजूचे पावणेसहा एकर आपले ते ठरणार, मग खरेदीखत. रस्त्याची बाजू कोणाला यावरून आणखी एक भांडण होणार हे मला आत्ताच दिसतंय. एकराचा भाव काय लावायचा, तेही अजून मामांशी ठरलेलं नाही. त्यांनी एक आकडा सांगितला, तो मला जास्त वाटला आणि त्यांना कमी. भाव ठरवायला बसलेल्या दोन माणसांत हे असं उलटं मी पहिल्यांदाच पाहिलं.

नाव कमी करण्याचा अर्ज मी टाकलेला नाही. वकील म्हणतात, काकांचा हिस्सा विकायचा झाला की तो टाकावाच लागेल. बरोबर आहे त्यांचं.

निघायच्या दिवशी सकाळी मामा स्टँडवर आले होते. राजीनाम्याचा कागद त्यांना नको होता. खासऱ्याचं पान मागितलं, १९५४-५५ चं, ज्यात कसणारा म्हणून आज्याचं नाव आहे. स्टँडसमोरच्या दुकानात झेरॉक्स काढली, लॅमिनेशन करून दिलं. त्यांनी ते पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली ठेवलं आणि विचारलं, मोजणीची तारीख कधी निघंल. मी म्हटलं, कळवतो.